न मोजलेली फेक

शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी निलंग्याला माझा सत्कार झाला. एक तरुण शिक्षक बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "जिल्हा नवा झाला त्या वर्षी विभागाच्या मैदानावर लातूरचं नाव ज्यांनी पुकारायला लावलं, त्या ह्या आपल्या मॅडम." टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसले. लोकांना वाटलं, बाई लाजल्या. शाल आणि नारळ घेऊन घरी आले, शाल कपाटात ठेवली आणि मनाशी ठरवलं, की नांदेडला त्या दुपारी काय झालं ते आता जसंच्या तसं लिहून ठेवायचं. ते ठाऊक असलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातला माझा बा तर कधीच गेला.

आमचं घर उदगीरला, मोंढ्याच्या मागच्या अंगाला. दोन खोल्या, वर पत्रे, दारात लिंबाचं झाड. बा मोंढ्यात हमाल होता. सकाळी जाग यायची ती बैलांच्या घुंगरांनी, मग ट्रकचं फाळकं पाडल्याचा धडाका, आणि मग पाठीवर पोतं घेऊन पळणाऱ्या हमालांच्या "बाजूऽ, बाजूऽ" अशा हाका. एकाच पोत्यावरून मराठी, कानडी आणि उर्दू अशा तीन भाषांत भांडण व्हायचं आणि तिघांनाही सगळं कळायचं. बा घरी यायचा तेव्हा त्याच्या केसांत, कानांच्या मागं भुसा अडकलेला असायचा. माय त्याला दारातच थांबवून डोकं झटकायला लावायची. संध्याकाळी माय आणि मी मोंढ्यातली झाडण गोळा करायला जायचो. दिवसभरात पोत्यांतून सांडलेली ज्वारी, तूर, हरभरा, करडई, सगळं मातीसकट सुपात घ्यायचं, घरी आणून पाखडायचं, पाण्यात घोळून खडे खाली बसवायचे आणि वाळवून दळायचं. आमच्या घरची भाकर कधी एका धान्याची नसायचीच. आता डॉक्टर मला मिश्र धान्याचं पीठ खायला सांगतात. मी त्यांना म्हणते, सोळा वर्षं तेच खाल्लंय.

अगदी लहानपणी एक मोठा दुष्काळ पाहिला होता, परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचा. त्यातला मला भाकरीचा रंगच तेवढा आठवतो. मी जे सांगणार आहे तो नंतरचा, मी दहावीत असतानाचा. त्याला कुणी मोठा म्हटलं नाही, पण आमच्या घराला तो मोठाच होता. शेतात पिकलं नाही म्हणून मोंढ्यात माल येईना, आणि माल नाही म्हणून हमालाला काम नाही. सकाळचे ते आवाज एकेक करून बंद पडले. बा रोज सवयीनं जायचा, दुकानाच्या पायरीवर बसायचा आणि उन्हं चढली की परत यायचा. केसांत भुसा नसलेला बा मला परका वाटायचा. माय रोजगार हमीच्या तलावावर माती वाहायला जाऊ लागली. झाडण बंद झाली. घरात हुलग्याचं माडगं शिजायचं, पातळ, वरून लसणाची एखादी पाकळी. माय सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात पाणी घालून हलवायची आणि तेच पिऊन कामाला जायची. तिला भूक नसते असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

माझ्या हातात भाला आला त्यात चमत्कार काही नव्हता. वर्गात मी सगळ्यांत उंच होते, आणि खेळाच्या मठपती सरांनी उंच पोरगी बघून भाला दिला. मठपती सर घरी कानडी बोलायचे. मैदानावरही घाई झाली की तोंडातून "बेग, बेग!" निघायचं, म्हणजे लवकर, लवकर. शाळेत एकच भाला होता, बांबूचा, टोकाला लोखंडी टोपण, मुठीला सुतळी गुंडाळलेली. पहिला महिनाभर तो माझ्या हातून काठीसारखा आडवा पडायचा. सर पुस्तक उघडून आकृत्या दाखवायचे. मला त्या आकृत्यांतल्या बाणांचा काही बोध व्हायचा नाही.

एका संध्याकाळी बा मैदानावर आला. घरात बसून कंटाळला होता. बांधावर उकिडवा बसून त्यानं माझ्या दहा-बारा फेकी बघितल्या आणि उठून जवळ आला.

"तू हातानं फेकलालीस," तो म्हणाला.

"मग कशानं फेकू?"

"पोतं काय हातानं उचलतंय व्हय कुणी? हातानं उचललं तर दुपारपतूर हात तुटून पडतील." त्यानं पाय फाकवले, हवेतच एक पोतं धरलं आणि अंग वळवून ते खांद्यावर घेतल्यासारखं केलं. "हे बघ. आधी टाच रोवायची. मग कंबर फिरती. मग खांदा येतो. हात सगळ्याच्या मागून. हाताला फकस्त सोडायचं काम."

मठपती सर पुस्तक हातात धरून बघत होते. त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"पोत्यानं," बा म्हणाला.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. भाल्याला त्यानं कधी हात लावला नाही, पण माझी टाच उचलली की लांबून ओरडायचा. आठवड्याभरात भाला आडवा पडायचा थांबला, महिन्याभरात तो मैदानाच्या पलीकडल्या बाभळीपर्यंत जायला लागला. भाला नीट सुटला की हाताला कळतं. तो हातातून गेल्यासारखा वाटतच नाही, जणू तो आपण होऊन निघाला आणि आपण फक्त वाट दिली. मोंढा चालू असता तर बा पाठीवर ओझं घेऊन पळत असता आणि मला हे कधीच समजलं नसतं. दुष्काळानं आमचं पुष्कळ नेलं, पण बाला रिकामा करून तेवढं मला देऊन गेला.

त्याच वर्षी आमचा जिल्हा बदलला. तोवर कुठल्याही कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता लातूर जिल्ह्याचं ठिकाण झालं. उदगीरला फटाके वाजले, काहीजण आमचाच का नाही जिल्हा म्हणून रुसलेही. शाळेच्या पाटीवरचं जुनं नाव पेंटरनं पुसलं आणि 'जि. लातूर' लिहिलं. रंग ओला असताना आम्ही पोरी खाली उभ्या राहून ते पुन्हा पुन्हा वाचत होतो. नव्या जिल्ह्याच्या स्पर्धा लातूरला झाल्या, तिथं मी पहिली आले आणि विभागाला नांदेडला जायचं ठरलं. सरांनी त्याच पेंटरकडून माझ्या पांढऱ्या बनियनवर निळ्या अक्षरांत 'लातूर' लिहून घेतलं. बनियन हातात देताना म्हणाले, "सुजाता, सगळे जिल्हे जुने आहेत. आपला आत्ताच जन्मलाय. तिथं त्याचं नाव पुकारलं गेलं पाहिजे बघ." मायनं तो बनियन दोन्ही हातांत धरून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली, "धुतल्यावर जाईल का गं हे?"

नांदेडला आम्ही एसटीनं गेलो. एका शाळेत सगळ्या जिल्ह्यांच्या मुलींची सोय होती. वर्गातले बाक भिंतीला लावून खाली सतरंज्या टाकल्या होत्या. दुपारी जेवायच्या वेळेला मी कोपऱ्यात बसले होते, तेव्हा एक सावळी, रुंद खांद्यांची मुलगी फडक्यात बांधलेली भाकर घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"भाला का?" तिनं विचारलं.

"हो. तू?"

"हाव. मीबी भालाच. इंदू नाव हाय माझं. हिमायतनगरच्या अलीकडं खेडं हाय आमचं."

तिची बोली आमच्यापेक्षा वेगळी होती, 'मला'ला 'मले' म्हणायची. त्यांच्या शाळेत भालाच नव्हता. भावानं वेळूच्या काठीला नांगराच्या फाळाचा तुकडा घासून बसवला होता आणि त्यावरच ती शिकली होती. घरची शेती होती, पण विहीर आटलेली. बोलता बोलता तिनं विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

"कांबळे."

आडनाव विचारल्यानंतरचा तो क्षण मला चांगला ओळखीचा होता. समोरच्याचा हात कुठं थांबतो ते बघायची मला सवय होती. इंदूचा हातही थांबला, नाही असं नाही. मग तिनं भाकर मधोमध मोडली, त्यावर कारळाची चटणी ठेवली आणि माझ्या हातात दिली. "घे. तिखट हाय हां," म्हणाली, आणि माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायली.

जेवताना तिनं सांगितलं, की ह्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलंय. "पण आमचा बाप म्हणते, पहिली आलीस तर राज्याले जाय, एक वर्स लगीन थांबवतो. पहिली न्हाई आली तर वैशाखात." असं म्हणून ती हसली. "म्हणून म्या जीव खाऊन फेकून राहिले."

हे तिनं मला सांगितलं होतं. हे मला माहीत होतं. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्यावं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो तर जमीन दगडासारखी. मुरुमाचं मैदान, पावसाविना भाजून निघालेलं. सरावाच्या वेळी एकीचाही भाला रुतेना. पडला की उसळायचा आणि सापासारखा सळसळत पुढं जायचा. आमच्या खेळात भाला रुतलाच पाहिजे असं नाही, पण टोक आधी टेकलं पाहिजे. टोक टेकल्याची खूण सापडली नाही तर फेक बाद. पंचांनी डोक्याला हात लावला आणि थोड्या वेळानं पाण्याचा टँकर आला.

टँकर आमच्या समोरून हळूहळू चालला आणि मागच्या नळीतून पाणी जमिनीवर पडायला लागलं. कित्येक महिन्यांत मी इतकं पाणी मातीत जाताना पाहिलं नव्हतं. शेजारच्या वस्तीतल्या बायकांनीही पाहिलं. बघता बघता पंधरा-वीस बायका घागरी, कळशा, तेलाचे डबे घेऊन मैदानात शिरल्या आणि टँकरपुढं उभ्या राहिल्या. एक म्हातारी पंचांना म्हणाली, "साहेब, लेकरं प्यायला मागून राहिलेत अन् तुम्ही जमिनीले पाजून राहिले?" माझी माय त्याच वेळी कुठल्या तरी हापशावर अशीच उभी असणार. शेवटी मैदानाच्या अधिकाऱ्यांनी हात हलवून परवानगी दिली. उरलेलं पाणी बायकांनी भरून नेलं. त्यामुळं मैदानाचा अलीकडचा भाग तेवढा ओला झाला, आणि त्याच्या पुढचा तसाच दगड राहिला.

प्रत्येकीला तीन फेकी होत्या. भाले दोनच, चकचकीत, लोखंडी नळीचे. आम्ही तसले पहिल्यांदाच हातात घेत होतो. जिची फेक झाली तिनंच जाऊन भाला परत आणायचा. माझी दुसरी फेक ओल्या पट्ट्याच्या शेवटाला सरळ रुतून उभी राहिली. ती सगळ्यांच्या पुढं होती. मठपती सर दोरीच्या पलीकडून "बेग, बेग" करत उड्या मारत होते, आता कशाची घाई होती कुणास ठाऊक. इंदूच्या पहिल्या दोन्ही फेकी रेषेवर पाय पडून बाद झाल्या होत्या. तिची शेवटची एक उरली. माझी तिसरी फेक बाजूला गेली. भाला आणायला मी मैदानात लांबवर गेले, आणि मी कडेला सरकून उभी असतानाच इंदू धावली.

तिचा भाला सुटला तेव्हाच मला कळलं. असा भाला मी आजवरच्या आयुष्यात मोजून पाच-सहा वेळा पाहिला आहे. तो उंच गेला, वर जरा थांबल्यासारखा झाला, आणि माझ्या डाव्या अंगानं ओला पट्टा, माझी खूण, सगळं मागं टाकून पुढच्या कोरड्या जमिनीवर उतरला. टक् असा आवाज झाला, दगडावर छिन्नी मारावी तसा. टोक टेकलं, मुरुमाची एक कपची उडाली, आणि मग भाला उलटून लांब घसरत गेला. मी चार पावलांवर होते. जमिनीत नखाएवढा पांढरा खड्डा पडला होता. पंच ओल्या पट्ट्याजवळ उभे होते, त्यांची नजर अजून घसरणाऱ्या भाल्यामागं होती.

मी चार पावलं चालले आणि त्या खड्ड्यावर माझा पाय ठेवला.

पाय अनवाणी होता. तळव्याला तो खड्डा लागत होता, त्याची धारदार कडा लागत होती. पंच आले, वाकून शोधू लागले. म्हातारे होते, उन्हात डोळे बारीक करून बघत होते. इंदू पळत आली. "टोक टेकलं होतं सर, म्या पाहिलं!" ती म्हणाली. पंच म्हणाले, "तू तिकडून कसं पाहिलंस? खूण दाखव." ती भाला पडला होता तिथून मागं मागं शोधत आली. तिच्या हालण्यानं धूळ उडत होती. मग पंचांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा आवाज फार प्रेमळ होता. "बेटा, तू इथंच होतीस. टोक टेकलेलं पाहिलंस का?"

"मला न्हाई दिसलं, सर."

मी असं का म्हणाले, ह्याची पुष्कळ कारणं मी नंतर मनाशी मांडली. बनियनवरचं निळं नाव, सरांचा शब्द, मायचं पाणी घातलेलं पातेलं. पण ही कारणं मी मागाहून गोळा केलेली आहेत. त्या क्षणी त्यातलं काहीही डोक्यात नव्हतं. मला पहिलं यायचं होतं, एवढंच होतं.

लाल निशाण वर गेलं. इंदू काही वेळ जमिनीकडं बघत राहिली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे. तुझी चांगली गेली होती," आणि घसरलेला भाला उचलून परत निघाली. सगळे गेल्यावर मी पाय उचलला. मग तिथून माझ्या खुणेपर्यंत चालत आले, आणि चालताना पावलं मोजली. का मोजली ते मला सांगता येणार नाही. थोड्या वेळानं भोंग्यावरून नाव पुकारलं गेलं, गावाचं, जिल्ह्याचं. मठपती सरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

उदगीरला वस्तीत हलगी वाजली. माय कामावरून तशीच मातीच्या पायांनी आली आणि गर्दीत मागं उभी राहून बघत होती. तिसऱ्या दिवशी मी मोंढ्यात गेले. बा नेहमीच्या पायरीवर बसला होता. त्याच्या शेजारी बसून मी त्याला सगळं सांगितलं, पायासकट, आणि इंदूच्या लग्नासकट.

"सरांला सांगू का?" मी विचारलं.

"तुला इचारलं कुणी व्हतं? त्या पंचानं. मग सांगायचं त्यालाच." मग म्हणाला, "सांगितलंस तर तुझं जाईल. तिला मिळंल का न्हाई, ते मला ठाऊक न्हाई. त्या पोरीला पत्र तरी टाक."

"तू सांगशील का सरांला?"

"मी न्हाई सांगायचा. तुझ्यावर जोर बी न्हाई करायचा. पाय तुझा व्हता."

मी पंचांना लिहिलं नाही आणि इंदूलाही लिहिलं नाही. उद्या लिहू, परवा लिहू म्हणता वैशाख आला. बा मैदानावर येत राहिला, टाच उचलली की ओरडतही राहिला. पण मोंढ्यात कुणी "पोरगी लई नाव काढली की तुझी" म्हणालं, की तो म्हणायचा, "तिलाच इचारा." लोकांना तो विनोद वाटायचा.

राज्याच्या स्पर्धेत मी खूप मागं राहिले. मुठीवर बोटं आवळली गेली, भाला आडवा पडला. पण विभागाचं प्रमाणपत्र हातात होतं, त्यावर नव्या जिल्ह्याचं नाव होतं. त्याच्या बळावर पुढं शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जागा मिळाली. विद्यापीठाकडून चार वर्षं फेकले, दोन पदकं घेतली, ती माझी स्वतःची होती. मग खांदा गेला, निलंग्याच्या शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, दोन मुली झाल्या. मायला मी पहिल्या पगारातून काय घेऊन दिलं वगैरे ती वेगळी गोष्ट. इथं सांगायचं ते एवढंच, की माझं जे काही उभं राहिलं त्याच्या पायात तो नखाएवढा खड्डा होता.

नोकरीला बारा-तेरा वर्षं झाल्यावर एका स्पर्धेत मी पंच होते. माझ्याच शाळेची एक मुलगी, नववीतली, हडकुळी. तिच्या शेवटच्या फेकीला मी पांढरं निशाण उचललं. ती धावत आली आणि धापा टाकत म्हणाली, "मॅडम, न्हाई, माझा आडवा पडला. शेपूट आधी टेकलं. बाद धरा." मी तिला बाद धरलं. ती चौथी आली आणि मैत्रिणींबरोबर फुटाणे खात निघून गेली, जणू काही झालंच नाही. पुढच्या रविवारी मी नांदेडच्या गाडीत बसले. तिथून भोकर, तिथून हिमायतनगर.

इंदूचा भाऊ सापडला. त्यानं तिच्या सासरचं गाव सांगितलं, दोन कोसांवरचं. मी गेले तेव्हा ती शेतात कापूस वेचत होती. कमरेला ओटी बांधलेली, अंगानं भरलेली, पण खांदे तेच. वावराच्या दुसऱ्या टोकाला तिची मुलगी वेचत होती. इंदूनं माझ्याकडं डोळ्यांवर आडवा हात धरून पाहिलं.

"भालेवाली!" ती ओरडली. "लातूरवाली ना तू? अगं माय! चाल, घरी चाल, चहा टाकते."

"आधी ऐक," मी म्हणाले. चहा घेतल्यावर मला ते सांगता आलं नसतं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. ती ऐकता ऐकता बोंडातला कापूस काढत होती, ओटीत टाकत होती. माझं संपलं तरी तिचे हात काही वेळ चालूच होते.

"माया हाताले कळलं होतं," ती शेवटी म्हणाली. "चांगला सुटला का हाताले कळते. तुलेबी कळत असंल."

"कळतं."

"पण म्या म्हणलं, पंचाले दिसलं न्हाई, अन् ते पोरगी जवळ होती, तिलेबी दिसलं न्हाई. मग मलेच भास झाला असंल. आजवर म्या तसंच समजून राहिले." तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग होता, आणि तो तिनं लपवला नाही. "तुया पाय होता म्हणतं त्याच्यावर."

"हो."

"वैशाखात लगीन झालं. मानूस बरा हाय. पण ते येगळं."

मला वाटलं आता ती जा म्हणेल. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिनं हात वर करून मला थांबवलं.

"किती होता?"

"काय?"

"माया भाला. तुया खुणेच्या किती पुढं पडला होता?"

"सात पावलं," मी म्हणाले. "मी मोजली होती."

"सात?" तिचा आवाज एकदम चढला. "म्या तर दोन-तीन समजत होते. सात?"

तिनं ओटी सोडून कापूस फडक्यावर ओतला. वावराच्या कडेनं गाडीवाट जात होती, तिथं ती मला घेऊन गेली. टाचेनं धुळीत आडवी रेघ ओढली आणि म्हणाली, "हे तुयी खूण. चाल, मोज."

मी चालायला लागले. दुसऱ्याच पावलाला तिनं हटकलं. "आखूड टाक. तवा तू पोरगी होती, एवढ्या ढेंगा न्हाई पडत होत्या तुया." मी परत रेघेवर आले आणि सोळा वर्षांच्या मुलीची पावलं टाकत चालले. सातव्याला थांबले. इंदू रेघेपासून हळूहळू चालत माझ्याजवळ आली, माझ्या पायाशी बघितलं, म्हणाली, "सरक," आणि मी सरकल्यावर त्या जागेवर स्वतः उभी राहिली. तिथून ती मागच्या रेघेकडं बराच वेळ बघत होती. मग वावराच्या दुसऱ्या टोकाकडं तोंड करून तिनं मुलीला हाक मारली.

"ये गं, इकडं ये! तुया मायचा भाला कुठं पडला होता ते पाहून जाय!"